‘मोर’ : एका शब्दाचा इतिहास आणि नेवाशातील उपयोजन

मराठी कवितेतील मोराचा विचार बहुधा संस्कृत काव्यसंकेताच्या अनुषंगाने होतो. मेघ, केका आणि नृत्य ही त्रयी सांगितली की अभ्यासकाचे काम संपते. ‘मोर’ हा ‘मयूर’चा अपभ्रष्ट अवतार आणि म्हणून त्याचा अर्थही उसना, असे त्यामागे गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

‘मोर’ हे रूप मराठीहून कितीतरी जुने आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेसाठी दररोज दोन मोर व एक मृग मारले जात असल्याचा उल्लेख आहे. त्याच्या गिरनार येथील पाठात ‘मोर’ हेच रूप येते, तर उत्तरेकडील काल्सी येथे ‘मजुल’ असे आढळते. वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त ‘मयूर’पासून ‘मोर’ साधण्यासाठी सूत्र दिले; हेमचंद्राने मात्र ‘मोर’ व ‘मयूर’ हे दोन वेगळे शब्द मानले. ‘मयूर’ ऋग्वेदात आहे हे खरे; पण तमिळ ‘मयिल’कडे बोट दाखवून त्याचे मूळ द्राविडी मानणारे विद्वानही आहेत. तेव्हा ऋणको कोण आणि धनको कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

अर्थाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उपयोजन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे घडले. शके 1212 (इ.स. 1290) मध्ये तेथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानदेव एका बहुश्रुत पुरुषाचे चित्र उभे करतात. त्याला पुराणे मुखोद्गत आहेत, ज्योतिष येते, शिल्प आणि पाककर्मही येते. नाही ते केवळ अध्यात्मज्ञान. या पुरुषाला दिलेली उपमा मोराची आहे : अंगभर पिसांवर डोळेच डोळे, पण त्यांतल्या एकालाही दिठी नाही. गीतेच्या मूळ श्लोकात मोर नाही. ही प्रतिमा भाष्यकाराची स्वतःची. येथे पाऊस नाही, केका नाही, नृत्यही नाही. संकेताने जो पिसारा सौंदर्याचे निधान ठरवला, तोच येथे आंधळेपणाचे प्रमाण होतो. त्यातही ‘डोळस’ हे विशेषण लक्षणीय आहे. आज ‘डोळस वाचन’ म्हणजे विवेकी वाचन. ज्ञानदेव मात्र ते पिसांना लावतात आणि डोळा असणे व दिसणे यांतील अंतर त्या एकाच शब्दाने उघड करतात. या ओवीची गणना ‘निसर्गप्रतिमां’च्या यादीत करणारे प्रबंध थोडे नाहीत, विद्वत्तेवरील टीका विद्वानांनीच अलंकारांत जमा करावी, यात गंमत आहे.

पाच शतकांनंतर बारामतीच्या मोरोपंतांनी (1729–1794) उलट दिशा घेतली. आपल्या नावातील ‘मोर’ त्यांनी ‘मयूर’ केला आणि आर्त विनवणीच्या काव्याला ‘केकावली’ म्हटले. संकेत येथे कवीची स्वाक्षरी झाला.

लोकव्यवहारात शब्द याहून मोकळा राहिला. नेवासे तालुक्यातच मोरया चिंचोरे नावाचे गाव आहे. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली पक्ष्याचे नाव उघडपणे सांगते. ‘मोरया’त मात्र पक्षी, गणपती आणि मोरे हे आडनाव अशा तीन शक्यता एकत्र नांदतात, आणि केवळ ध्वनिसाम्यावर त्यांतील एकीची निवड करणे धोक्याचे. ‘मोरचूद’ची गोष्ट निराळी. अमरकोशात या निळ्या क्षाराला ‘शिखिग्रीव’ आणि ‘मयूरक’ म्हटले आहे. म्हणजे नाव पिसाऱ्यावरून नव्हे, मानेच्या रंगावरून पडले. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत चुन्याबरोबर मोरचूद कालवून बोर्डो मिश्रण करणारा बागायतदार तो शब्द रोज वापरतो, आणि त्याला त्यात मोर दिसत नाही.