करंगळीचं पेर

अंधार अजून फिटलेला नाही. परळच्या एका खोलीत गावाकडची अकरा माणसं ओळीनं पडली आहेत आणि त्यांच्या सगळ्यात कडेला, दाराच्या फटीतून वारा येतो त्या जागी, तुम्ही. साल १८८०. तुमचं वय विचारलं तर बा एवढंच सांगतो, ''शिमग्याला गोठा जळाला, त्या साली झाला हा.'' हिशेब केला तर आठ. रत्नागिरीकडून गलबतानं आलात त्याला चार महिनेही झालेले नाहीत.

भोंगा होतो. बा तुमच्या दंडाला धरून उठवतो.

गिरणी उजाडताना सुरू होते आणि मावळतीला थांबते. पुरेसा उजेड हाच कामाचा नियम. त्यामुळे थंडीत दिवस अकरा तासांचा आणि वैशाखात तेरा-चौदा तासांचा. सुट्टी म्हणजे सणावाराला मालकाच्या मनात येईल ती. तीही बऱ्याचदा साचे पुसण्यात जाते.

खात्यात शिरलात की आधी ऐकू येणं थांबतं. डोक्यावर छताला समांतर लांबच लांब लोखंडी दांडा फिरतो आहे. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली उतरतात आणि एकेक साचा फिरवतात. पट्ट्यांना जाळी नाही, दातेरी चाकांना झाकण नाही. हवेत रुईचे तंतू इतके, की पाच-सहा साच्यांपलीकडचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. तुमचं काम सोपं : भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, आणि मध्येच मुकादमानं बोट दाखवलं की साच्याखाली सरपटत जाऊन कचरा ओढून काढायचा. आठ वर्षांचं पोर त्यासाठीच हवं असतं. मोठा माणूस तिथं मावत नाही.

साचा थांबवायचा नाही. थांबला तर सूत कमी भरतं आणि मुकादमाला बोलणी बसतात.

दुपार कलली आहे. तुम्ही पालथे पडून डाव्या हातानं कचऱ्याचा गोळा ओढता आहात. सदऱ्याची बाही सैल आहे, बाच्या जुन्या सदऱ्याची कापून केलेली. चाकाचा दाता आधी बाही धरतो. तुम्ही हात झटकन मागे घेता, म्हणून फक्त करंगळीचं वरचं पेर जातं. दुखणं नंतर येतं. आधी दिसते ती दातेरी चाकावरची ओली लाल रेघ, जी दोन फेऱ्यांत तेलात मिसळून दिसेनाशी होते.

हळद आणि चिंधी. पाच दिवसांचा खाडा. पाच दिवसांचा पगार कापला.

आता एक वर्ष पुढे चला. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा लागू होतो. तो कुणाच्या करुणेतून आला असं समजू नका. मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त सूत मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना खुपत होतं. हिंदी मजुरांच्या हालांबद्दल त्यांना एकाएकी फुटलेला पाझर बऱ्याच अंशी त्या खुपण्यातून होता. मुंबईचे गिरणीमालक हेच ओरडून सांगत होते आणि खोटं बोलत नव्हते. पण इथलंही कुणी बोललं नाही असं नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्येच असा कायदा व्हावा म्हणून खटपट केली होती. मला विचाराल तर हेतू कुणाचा शुद्ध होता याचा तुमच्या करंगळीला काही फरक पडत नाही. चाकाला झाकण बसलं की नाही, याचा पडतो.

कायदा म्हणतो, सात वर्षांखालचं मूल कामावर नको. सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांहून जास्त काम नको, मध्ये एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. धोक्याच्या यंत्राला कठडा हवा आणि अपघात झाला तर सरकारला कळवायला हवा. हे सगळं कुठं? जिथं यंत्रशक्तीवर काम चालतं आणि शंभर किंवा जास्त माणसं आहेत तिथं. नव्व्याण्णव माणसांच्या कारखान्यातलं चाक कायद्याच्या नजरेत फिरतच नाही.

तुम्ही आता नऊ वर्षांचे, म्हणजे कायद्याच्या हिशेबानं मूल. पण तुमचं वय कुणाला ठाऊक? जन्माची नोंद नाही. डॉक्टर तुमचा जबडा उघडून दात बघतो, खांद्याची उंची बघतो आणि कागदावर आकडा घालतो. मुकादम शेजारी उभा असतो. शिमग्याच्या गोठ्याची गोष्ट डॉक्टरला कुणी सांगत नाही.

तपासणी करायला येतो तो सरकारी अधिकारी. त्याच्या मागे इतर कामांचा डोंगर, आणि तो येणार हे गिरणीला आदल्या दिवशीच कळलेलं. त्या दिवशी लहान पोरांना मागच्या दारानं बाहेर काढतात. तुम्ही भिंतीपलीकडे बसून चणे खाता. कायद्यानं तुम्हाला मिळालेली पहिली सुट्टी ती हीच.

१८८४ चा सप्टेंबर. तुम्ही बारा पूर्ण केलीत, म्हणजे कायद्याच्या लेखी मूल राहिला नाहीत. आता तुमच्यासाठी तासांची मर्यादाच उरलेली नाही. तेवीस तारखेला परळच्या सुपारीबागेत सभा आहे, बा तुम्हाला खांद्याला धरून नेतो. बोलतायत ते नारायण मेघाजी लोखंडे. एका गिरणीत भांडारपाल होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधु' चालवतात. तुम्हाला त्यांचं अर्धंच समजतं. पण मागण्या वाचून दाखवल्या जातात तेव्हा कान टवकारतात : आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायमचा निकामी झाला तर पोटापाण्याची सोय.

तुम्ही करंगळीकडे बघता. पाच दिवसांचा खाडा.

या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होतात. बा आंगठा उठवतो आणि शाई कितीतरी वेळ धोतराला पुसत बसतो.

पुढची सहा वर्षं भराभर ओलांडू. चौकशा होतात, अहवाल होतात. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तुम्ही दहा हजारांच्या गर्दीत उभे आहात. अठरा वर्षांचे, मिसरूड फुटलेले, आता साळखात्यात कापड विणायचा साचा चालवणारे. दोन बायका उठून भाषण करतात. तुमच्या मागचा एक जण हसतो, मग गप्प होतो, कारण ती बाई जे सांगतेय ते त्याच्याच खोलीतलं आहे. १० जूनला गिरणीमालकांचा संघ रविवारची सुट्टी मान्य करतो. पुढच्या साली नवा कायदा येतो आणि त्यात आठवड्याची सुट्टी सगळ्यांनाच. मुलांचं किमान वय नऊ, चौदापर्यंत दिवसाला सात तास. बायकांना अकरा तास. आणि शंभरचा आकडा पन्नासवर येतो. सात तासांची पळवाटही लगेच निघते. सकाळी एका गिरणीत एका नावानं आणि दुपारी दुसरीत दुसऱ्या नावानं जाणारी पोरं तुमच्याच चाळीत आहेत, आणि त्यांना पाठवणारे आईबापही.

रविवार मिळाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ती यायला बरीच वर्षं जावी लागतात. तिशी ओलांडलीत आणि दर सोमवारी छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होऊ लागलं. रविवारी बरं, सोमवारी घुसमट, मंगळवारी थोडं कमी. डॉक्टर पुढं या दुखण्याला बिसिनोसिस म्हणणार आहेत. कापसाची धूळ छातीत बसते आणि एक दिवस विश्रांती घेऊन परत आलात की फुप्फुस नव्यानं आक्रसतं. सलग राबत होता तेव्हा दम कशानं लागतो हे उमजतच नव्हतं. रविवारामुळे निदान तुलना तरी करता आली. तुळशीचा काढा घ्या, म्हणतात शेजारी. धुळीचं कुणी बोलत नाही, कारण धुळीत कुणाचं बोट तुटत नाही.

१९२४. तुम्ही बावन्न. जुलैच्या पहिल्या तारखेपासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा अमलात येतो. कामावर इजा झाली तर मालकानं पैसे द्यायचे. सुपारीबागेत तो कागद वाचला गेला त्याला चाळीस वर्षं होत आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. बा त्याच्याही आधी. तुमच्या करंगळीचे पैसे अर्थातच कुणी देत नाही. कायदा मागे जाऊन काम करत नाही.

आता १९२८ मध्ये थांबायलाच हवं, मनात असो वा नसो. विणताना धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून दोरा श्वासानं ओढून घ्यायचा. दिवसातून कितीदा, मोजायची सोय नाही. एकाचा धोटा दुसऱ्याकडे जातो, त्याच्या तोंडातून तुमच्या तोंडात. शेजारचा साचेवाला खोकतो आहे, गेल्या वर्षी त्याचा भाऊ क्षयानं गेला. तरी ओठ लावायला तुम्ही कचरत नाही. ज्याला कचरता तो वेगळाच. साळखात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्य मानलेल्या कामगाराला प्रवेश नाही. कारण हेच : दोऱ्याला तोंड लागतं. जंतूचं भय नाही, विटाळाचं आहे. त्याच साली मुंबईच्या गिरण्यांत जवळपास सहा महिने संप चालतो. त्यात डॉक्टर आंबेडकर संपाच्या पुढाऱ्यांना विचारतात, या बंदीचं काय? तुमच्या मागण्यांच्या यादीत ती का नाही? तुम्ही त्या दिवशी गर्दीत आहात. काही बोलत नाही. मालकाविरुद्ध घसा कोरडा पडेपर्यंत ओरडलात, आणि आता पायाशी पडलेला दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत बसला आहात.

१९४९ चा एप्रिल. तुम्ही सत्त्याहत्तर, काठी टेकत नातवाचा डबा घेऊन गिरणीत आला आहात. १ तारखेपासून नवा फॅक्टरी कायदा लागू झालाय. त्याला मंजुरी मिळाली ती तारीखही गंमतीची : २३ सप्टेंबर १९४८. सुपारीबागेतल्या सभेला त्या दिवशी बरोबर चौसष्ट वर्षं झाली होती. योगायोग असेल, पण मला तो सोडवत नाही.

आकडा आता दहावर आलाय. विजेवर चालणारा कारखाना असेल आणि दहा माणसं असतील तर कायदा लागू. (२०२० साली संसदेनं संमत केलेल्या कामगार संहितेत तो वाढवून वीसवर नेला आहे. पण ते तुम्हाला बघायचं नाही.) कलम बावीस नातू तुम्हाला वाचून दाखवतो, अडखळत : फिरत्या यंत्राची तपासणी करायची ती खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. अल्पवयीन मुलानं किंवा बाईनं चालू यंत्राचा फिरता भाग पुसायचा, त्याला तेल घालायचं नाही. 'घट्ट बसणारे' या शब्दांशी नातू थांबतो, कारण तुम्ही हात वर केला आहे. परत वाच, म्हणता. तो वाचतो. बाच्या सदऱ्याच्या बाहीबद्दल त्याला काय माहीत असणार.

आवारात इन्स्पेक्टर फीत घेऊन वाकला आहे. संडासापासून पाण्याच्या नळापर्यंतचं अंतर मोजतोय. वीस फुटांच्या आत नळ नको, असं अठराव्या कलमात आहे. नळ कुठला ते बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लिहिलंही पाहिजे. पेंटर स्टुलावर उभा राहून भिंतीवर निळ्या रंगात अक्षरं काढतोय. 'पिण्याचे' झालं, 'पाणी'तला पहिला 'पा' झाला. ओल्या रंगाचा एक ओघळ खाली येतोय आणि तो शिवी देऊन अंगठ्यानं पुसतो.

जुन्या गिरण्यांत काहींचं पाणी वेगळं असायचं. या भिंतीवर एकच नळ आहे.

कताईच्या खात्यातला एक जण रंग वाळायची वाट न बघता पुढं होतो. कधीच साळखात्यात न आलेला, तुमच्याच वयाचा वाटावा इतका वाकलेला. दोन्ही हातांची ओंजळ करून तो पाणी पितो, तोंड पुसतो, बाजूला होतो. नळ चालूच आहे. तुम्ही काठी भिंतीला टेकवता आणि नऊ बोटांची नि एका थोट्या करंगळीची ओंजळ पुढं करता. करंगळीच्या बाजूनं थोडं पाणी गळतं, नेहमीसारखं.