ओट्यावरचे मूल आणि दूरचित्रवाणी

दिवाळी आली की बारामती-इंदापूरकडील वाड्यावस्त्यांवर मातीचे किल्ले उभे राहतात. माती कालवायला सारी आळी लोटते. एखादे मूल मात्र ओट्यावर बसून नुसते पाहत असते. त्याच्या पायात बळ नसते, नाहीतर त्याला ऐकू येत नसते. गावाने त्याचे खरे नाव केव्हाच बाजूला ठेवलेले असते. ‘लंगड्या’, ‘बहिऱ्या’ हीच त्याची ओळख. दूरचित्रवाणी घरोघर आली तेव्हा तिने ह्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारली, हे पाहण्याजोगे आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम होऊ लागले. २०१७ साली ती संस्था बंद पडली.

परंतु आजाराचे चित्र लोकांच्या मनावर ठसवले ते शाळेच्या पाठांनी नव्हे, तर पोलिओच्या जाहिरातींनी. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम निघाली. पुढे अमिताभ बच्चन पडद्यावरून आईबापांना ‘दोन थेंबां’साठी बजावू लागले. आमच्याकडे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तेथे टीव्ही कुठला? कोप्यांपर्यंत लस घेऊन माणसांनाच जावे लागे. कष्ट फळाला आले. जानेवारी २०११ नंतर नैसर्गिक विषाणूने पोलिओ झालेला रुग्ण देशात आढळला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला.

ह्या यशाचे मोल थोडे नाही. मात्र रोग टाळा म्हणून सांगताना भय दाखवावेच लागते, आणि मग रोगाने गाठलेले मूल इशाऱ्यापुरते उरते. ज्याला पोलिओ होऊन गेला होता, तेही मूल त्याच पडद्यासमोर बसले होते!

दुसरी वाटही होती. अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ ह्या मुलांच्या कार्यक्रमात लिंडा बोव्ह ही कर्णबधिर अभिनेत्री १९७१ पासून दिसू लागली. ती खुणांच्या भाषेत बोले आणि गल्लीतल्या इतर शेजाऱ्यांसारखीच वावरे. २००२ साली दक्षिण आफ्रिकेतील ‘तकलानी सेसमी’मध्ये कामी नावाची एचआयव्हीबाधित बाहुली आली. तिचा आजार कोणी लपवला नाही, आणि ती आजारापुरती उरलीही नाही. ती मुलांत खेळली.

आपल्याकडे २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. शाळा घरात आली खरी; पण कानावर विसंबणारा पाठ कर्णबधिर मुलापर्यंत अर्धाच पोचतो. ६ डिसेंबर २०२४ रोजी पीएम ई-विद्येची ३१ क्रमांकाची वाहिनी भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. पाऊल मोठे आहे. तरीही वेगळा पाट मांडणे निराळे आणि पंगतीत बसवून घेणे निराळे. स्वतंत्र वाहिनी त्या मुलाला शिकवील. त्याच्या शेजारच्या पोरांना कोण शिकवणार? ज्या कार्यक्रमात सारी मुले रमतात, त्यातच हे मूल हसताना, भांडताना, चुकताना दिसले पाहिजे.

पडदा बदलायला वेळ लागेल. आपले अंगण तर आजच आपल्या हाती आहे. यंदा किल्ला करताना ओट्याकडे वळून पाहा. त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. कान साथ देत नसतील, तर हाताने खूण करा. आणि मातीची पाटी त्याच्यापुढे सरकवा. बुरूज कुठे बांधायचा, ते त्याला ठरवू द्या.