संलग्न कौशल्यशिक्षण

परस्परांशी निगडित कामे एकाच ओघात शिकण्याची पद्धत. जालना जिल्ह्यातील संकरित कपाशीचे बीजोत्पादन हे तिचे ठळक उदाहरण; जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. बीजोत्पादनाच्या प्लॉटवरच्या बाया भेसळ झाडे ओळखणे, कळी निवडणे, पुंकेसर काढणे व परागीकरण ही कामे एकत्रच शिकतात. उद्या उमलणारी कळी दुपारनंतर नखाने सोलून पुंकेसर काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुक्षीवर नर वाणाचे पराग लावतात. सोलताना कुक्षी दुखावली तर परागीकरण करूनही बोंड धरत नाही. अशा रीतीने एक काम दुसरे शिकवते. कामे अशी मिसळून शिकण्याला संशोधनाचाही आधार आहे: शे व मॉर्गन या संशोधकांच्या १९७९ च्या प्रयोगात आलटून-पालटून केलेला सराव सुरुवातीला जड गेला, पण अधिक टिकला. बायांच्या या हातोटीला कौशल्याचा मान मिळायलाच हवा.