सीपी-बेरारचा पडदा

नागपूर ज्याची राजधानी होतं त्या सीपी अँड बेरार प्रांताचं नाव १९५० साली नकाशावरून पुसलं गेलं. सिनेमाच्या धंद्यात मात्र ते अजून नांदतं आहे. हिंदी सिनेमाच्या वितरणासाठी देशाचे जे पट्टे पाडलेले आहेत, त्यांतल्या एकाचं नाव आजही 'सीपी-बेरार'. विदर्भ, खानदेशाचा काही भाग आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडातले जिल्हे त्यात मोडतात. अमरावती आणि भुसावळ ही या पट्ट्यातल्या वितरकांची जुनी ठाणी. राज्यं बदलली, राजधानी मुंबईला गेली, पण पोस्टर चिकटवणाऱ्याच्या हिशेबानं आम्ही अजून तेव्हाचे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्याच राज्यात राहतो.

आमच्या घरी सिनेमा आला तो आबाजींबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर. ते एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल. तिच्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं आणि जेवायचं. रात्रपाळी करून आलेला माणूस घरी झोपेल कसा? दोन खोल्या, पोरंसोरं, वर मे महिन्याचं ऊन. त्यापेक्षा दुपारच्या खेळाचं तिकीट काढलेलं बरं. थेटरात वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला. आबाजी सांगत, उन्हाळ्यात निम्मे लोक त्या गारव्यासाठी यायचे आणि उरलेले झोप काढायला. पिक्चर कोणतं ते मध्यंतरात शेजाऱ्याला विचारायचं.

पण 'संत तुकाराम'ला ते झोपले नाहीत. प्रभातचा १९३६ चा हा सिनेमा मुंबईत वर्षभर चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आबाजींना ठाऊक नव्हतं आणि असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की लोक हात जोडत, आबाजीही जोडत. त्यांचा जीव मात्र बसला होता आवलीवर. गौरीबाईंनी उभी केलेली ती कातावलेली, कष्टाळू बायको. पोर आजारी पडल्यावर ती थेट विठ्ठलापुढे जाते आणि पायातलं हातात घेऊन त्याला जाब विचारते. शेवटी तुकोबांना न्यायला विमान येतं, तरी ही आपली मागेच राहते, पोरांपाशी. "तुकोबा गेला वैकुंठी, पण घरी चूल कोण पेटवून राहिलं होतं?" असं आबाजी विचारायचे आणि आजीकडे न पाहता विडी पेटवायचे. संपाच्या दिवसांत आजीनं दुसऱ्यांची धुणीभांडी करून घर चालवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या प्रश्नाचा रोख तेव्हा उमगला.

आईच्या पिढीचा सिनेमा 'श्यामची आई'. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा म्हणून शाळेनं रांगेनं नेऊन दाखवलेला. सगळा वर्ग रडला, आईही रडली. पण तिला त्यातलं आजही आठवतं ते कोकण. माडाची झाडं, पाऊलवाटा, कौलारू घरं. नागपूरच्या पोरीनं समुद्र कुठून पाहिलेला असणार? तिला वाटे की चांगल्या आया फक्त समुद्राकाठी होतात. आपली तर उठताबसता धपाटा घालते. यातलं हसू सोडलं तर बाकी खरंच आहे. मराठी सिनेमा आमच्याकडे आला तो पुण्याचा, कोकणचा, कोल्हापूर-साताऱ्याचा होऊन. पाटील यायचे, फेटे यायचे, फड यायचे. आमच्यासारखं 'काहून बे' म्हणणारं कोणी आलंच, तर ते नोकराच्या नाहीतर विनोदी भूमिकेत. याबद्दल घरात कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पडद्यावर दुसऱ्यांचं गाव पाहायचं असतं, अशीच समजूत होती.

इंदोरा वस्तीतले एक काका आबाजींबरोबर मिलमध्ये होते. रविवारी आमच्याकडे यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा पांढरी कापडं घालून ते आईवडिलांसह तिथे उभे होते. तीन वर्षांनी बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. ब्राह्मणाच्या घरी वाढलेली अस्पृश्याची मुलगी, नूतन. घर तिला जीव लावतं, पण 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणतं. शेवटी त्या घरच्या आईला, सुलोचनाबाईंना, रक्ताची गरज पडते, घरात कोणाचंच जुळत नाही, सुजाताचं जुळतं. ती रक्त देते आणि मग ती मुलगी होते. थेटरात सगळे डोळे पुसत बाहेर पडले. आबाजीसुद्धा. काका मात्र कोरडे. चहाच्या टपरीवर त्यांनी एवढंच विचारलं, "अन् रक्त जुळलं नसतं तर?"

सिनेमाच्या इतक्या चर्चा पुढे वाचल्या, ऐकल्या. 'सुजाता'बद्दल याहून नेमकं बोललेलं मला सापडलेलं नाही. तरी काकांना सिनेमा आवडला होता, बरं का. त्यात टागोरांची 'चंडालिका' नाचून दाखवली आहे, भिक्षू आनंदाला पाणी देणाऱ्या मुलीची कथा. ते त्यांनी दोनदा पाहिलं. पुढे मुलीचं नाव त्यांनी सुजाताच ठेवलं. कोणी नूतनचं नाव काढलं की ताडकन सांगायचे, पिक्चरवरून नाही, बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेवरून.

माझी स्वतःची पहिली ठळक आठवण 'जय संतोषी माँ'ची. १९७५ चा सिनेमा. त्याच वर्षी 'दीवार' आणि 'शोले' आलेले. थोडक्या पैशांत केलेला, नाव घेण्यासारखा हिरो नाही, आणि गर्दी 'शोले'च्या तोडीची. मोठ्या आईचे, म्हणजे थोरल्या काकूचे, सोळा शुक्रवार चालू होते. तिनं गल्लीतल्या बायका जमवल्या, मला फ्रॉक घातला आणि रिक्षांची रांग महाल भागात निघाली. थेटराच्या दारात चपलांचा ढीग आणि त्याच्यापाशी राखणीला बसलेला एक पोरगा. आत देवी आहे, अनवाणी जायचं. बाहेर गूळ-चण्याच्या पुड्या विकायला. संत्र्यांचे दिवस होते. हिवाळ्यात सिनेमाला जायचं तर संत्री न्यायचीच. मध्यंतरानंतर बाकाखाली सालींचा थर आणि अख्ख्या थेटरात तो वास, साल पिळून शेजारच्या पोराच्या डोळ्यांत उडवायची ती वेगळी गंमत. मीही खिशात दोन कोंबली होती. मोठ्या आईला वास आला. "शुक्कुरवार हाय ना आज! आंबट चालत नाही, माहीत नाही का वं तुले?" दोन्ही संत्री तिनं चपला राखणाऱ्या पोराच्या हातावर ठेवली. त्यानं माझ्यादेखत एक सोललं.

आत पडद्यावर आरती सुरू झाली तशा बायका उभ्या राहिल्या. ताटं निघाली, कापूर पेटला, पाच-दहा पैशांची नाणी पडद्याकडे उडाली. पुढे त्या दुष्ट जावा प्रसादात आंबट कालवतात आणि देवी कोपते. जावांनी हात घातला तसं थेटर ओरडलं, "नको वं, नको!" आणि मोठ्या आईनं अंधारात मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जगबुडी माझ्या रिकाम्या खिशामुळे टळली, अशी माझी तेव्हा खात्री झाली. सिनेमा म्हणून त्यात फारसं काही नाही, हे आता कळतं. पण पडदा आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत इतकी पातळ झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

'शोले'बद्दल काय सांगायचं. त्याचे संवाद पानठेल्यावरच्या तबकडीतून इतके ऐकले की सिनेमा पाहायच्या आधीच पाठ झाले होते. पुढे राजकुमार हिरानी आमच्या गावचे, असं अभिमानानं सांगायचे दिवस आले. वडिलांची नागपुरात टायपिंगची संस्था, पोरगा मुंबईत जाऊन 'मुन्नाभाई' करतो! छाती फुगली. पण मुन्नाही बोलला मुंबईचंच.

थेटरं एकेक करून गेली. नावं राहिली ती चौकांना. व्हरायटी चौकात गांधींच्या पुतळ्यापाशी धरणं धरणाऱ्या पोरांना व्हरायटी हे टॉकीज होतं हे सांगावं लागतं. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला आणि मॉलमध्ये मल्टिप्लेक्स. आबाजी जिथे रात्रभर साचा चालवायचे, तिथेच हल्ली गार हवेत सिनेमा पाहता येतो.

माझा सगळ्यात आवडता सिनेमा आला तो इतक्या उशिरा, ४ मार्च २०२२ ला. नागराज मंजुळेंचा 'झुंड'. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, त्यावरून बेतलेला. अमिताभ बच्चन त्यात आहे, पण मी पाहत होते ती पोरं. त्यांतली कित्येक नागपूरच्याच वस्त्यांमधून उचललेली. तोंड उघडलं की आमच्या गल्लीतली हिंदी, जी धड हिंदी नाही आणि धड मराठीही नाही. शेजारी आई बसली होती. बाबासाहेबांच्या जयंतीचा प्रसंग आला, डीजे, निळे झेंडे, बेभान नाचणारी पोरं, आणि तसबिरीपुढे हात जोडून उभा अमिताभ. आई पुटपुटली, "हे तर आपल्या इकडचंच आहे." इंदोऱ्याचे काका ते पाहायला नव्हते. असते तर टपरीवर काय म्हणाले असते, याचा मी अजून अंदाज बांधते.

'झुंड' लांबला आहे, जवळजवळ तीन तासांचा. उत्तरार्धात ओळखपत्रांच्या आणि पासपोर्टच्या खेट्यांत तो रेंगाळतो, आणि एखादी कात्री चालली असती तर बरं झालं असतं, हे मला मान्य. मोठे बाबा तर म्हणाले, ही पोट्टी रोज चौकात फुकट दिसते, तिकीट कशाला काढायचं? मला वाटतं, नव्वद वर्षं परगावं पाहून झाल्यावर एक तिकीट आपल्या चौकासाठी काढायला काहीच हरकत नव्हती. लांबी पाहून ज्यांनी तो अर्ध्यावर सोडला असेल, त्यांनी एकदा शेवटपर्यंत बसून पाहावा.