गुन्ह्याचा माग आणि जिल्ह्याची हद्द

भंडारा जिल्ह्यांतील सानगडीस दरोडा पडला, तर दरोडेखोरांना हद्दीची अडचण नसे. तपास मात्र जिल्ह्याच्या हद्दीपाशीं अडखळे. सानगडी तेव्हां मध्यप्रांतांत मोडे. त्याच प्रांताची चीफ कमिशनरी केलेले सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं लॉर्ड कर्झन यांनीं १९०२ सालीं पोलीस कमिशन नेमलें. पोलीस भ्रष्ट व जुलमी आहेत, अशी लोकांची सार्वत्रिक भावना असल्याचें कमिशननें स्वच्छ नमूद केलें आणि प्रत्येक प्रांतास गुन्हे अन्वेषण खातें सुचविलें. मुंबई इलाख्यांत तें १९०५ सालीं निघालें. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला. १९६० पासून सानगडी महाराष्ट्रांत आहे. राज्याच्या या खात्याचें मुख्य ठाणें पुण्यास आहे. धाकानें कबुली वदविणें सोपें. पुराव्यानें गुन्हा शाबीत करणें कठीण. त्या कठीण कामासाठींच हें खातें जन्मास आलें.