जागल्याचा माग

पूर्वीं गांवांत रात्रीं दाराला कडी घालण्याचें कारण पडत नसे, असें आपल्या घरांतील वडील मंडळी मोठ्या अभिमानानें सांगत आली आहे. शेजारीं चोरी झाल्याचें वर्तमान आलें कीं हा विषय निघतो, आणि जुन्या गांवगाड्याच्या स्तुतींत त्याचा शेवट होतो. ही स्तुति अगदींच निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गांव निर्धास्त निजत होता याचा अर्थ त्यांतील कोणी तरी जागत होता. तो कोण, त्याला त्याबद्दल काय मिळे, आणि त्याच्या हातून चूक झाली असतां त्याचें काय होई, हे प्रश्न त्या स्तुतींत सहसा येत नाहींत.

पेशवाई बुडाल्यावर नव्यानें जिंकलेल्या मुलखाचा अहवाल एल्फिन्स्टन साहेबानें १८१९ सालीं वरिष्ठ सरकारास सादर केला. लेखणी जेत्याची खरी. पण हा गृहस्थ त्यापूर्वीं कित्येक वर्षें पुण्यास रेसिडेंट होता, आणि देशी व्यवस्थेंत टिकविण्याजोगें काय आहे याचा शोध तो मनापासून घेत होता. त्यानें वर्णिलेला जागल्या कोठें महार, कोठें रामोशी, कोठें भिल्ल असे. रात्रीं गस्त घालावी, गांवांत कोण आला व कोण गेला हें ध्यानांत ठेवावें, परक्या माणसावर नजर ठेवून संशय येतांच पाटलाला कळवावें, हें त्याचें काम. गांवांतील प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असलीच पाहिजे, अशी अपेक्षा असे. जागल्याची जागा एकच, पण घरांतले सगळे पुरुष त्याच्या मदतीला. म्हणजे हक्क एकाचा आणि राबणूक कुटुंबाची!

चोरी झाली कीं त्याची खरी परीक्षा सुरू होई. धुळींत उमटलेलें पाऊल पाहून तो निघे. कोणाचा अंगठा बाहेर वळलेला आहे, कोण एका पायावर अधिक भार देतो, ओझें घेऊन चालतांना टाच किती रुतते, हें सारें त्याच्या पोथीवांचून शिकलेल्या विद्येंत येत असे. गुजराथेंत तर या विद्येवरूनच माग काढणाऱ्यास पगी असें नांव पडलें. माग शेतांतून, पाणंदींतून शिवेपर्यंत गेला, आणि पलीकडच्या गांवच्या जागल्याची खात्री पटली, कीं याची जबाबदारी संपली. तेथून पुढें दुसऱ्यानें तो माग उचलावयाचा व आपल्या शिवेबाहेर काढून द्यावयाचा. ज्या गांवांत माग शेवटीं स्पष्टपणें पोंचला व पुढें सरकला नाहीं, त्या गांवानें गेलेला माल भरून द्यावा, असा दंडक होता. आधीं जागल्यानें, त्याच्या ऐपतीप्रमाणें. उरलेली रक्कम साऱ्या गांवावर बसे.

हा दंडक अन्यायाचा होता, हें एल्फिन्स्टननेंही स्वच्छ सांगितलें आहे. चोरी थांबविणें गांवाच्या हातीं नसे, आणि नुकसान भरून देण्याची ऐपतही पुष्कळदा नसे. म्हणून पुरी भरपाई क्वचितच घेत. थोडाबहुत दंड मात्र बहुधा होई. हयगय किंवा संगनमत दिसलें तर पाटलाचें अथवा जागल्याचें इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगाला देत, बेड्या घालीत, फटके मारीत. इतका धाक कां? तर जागल्या स्वतःच चोरांत सामील असण्याचा आणि पाटील वांट्याच्या लोभानें चोराला आसरा देण्याचा संभव नेहमींच असे. आमच्या वडील मंडळींच्या सुवर्णयुगावर हा थोडासा डाग आहे, पण तो लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या मतें या व्यवस्थेंत एक गोष्ट मात्र मोलाची होती: चोरी ही ज्याच्या घरीं झाली त्याचीच खाजगी आपत्ति राहत नसे. चोराला आश्रय देणें अखेरीस गांवालाच महाग पडे.

पण पहिला हप्ता कोणी भरावयाचा? ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी होतें त्यानें. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष प्रमाण मानीत, वेशीचें दार त्याच्या हवालीं असे, आणि त्याचें स्वतःचें घर मात्र त्या वेशीच्या बाहेर! गांवकुसाच्या आंत जें सुरक्षित ठेवावयाचें त्यांत त्याची बायकापोरें मोजलेलीं नव्हतीं. पेंढारी आले तर प्रथम कोणाची झोपडी त्यांच्या वाटेंत येई, हें सांगावयास इतिहासकार नको.

शहरांत ही मागाची रीत चालण्यासारखी नव्हती. पुण्याच्या पेठांतल्या धुळींत पावलेंच फार. तेथें कोतवाल, त्याचे प्यादे, स्वार आणि रामोशी. मराठ्यांच्या चाकरींत असलेल्या टोन नांवाच्या एका युरोपियनानें लिहून ठेविलें आहे कीं, रात्रीं दहाच्या तोफेनंतर जो रस्त्यावर सांपडे त्याला सकाळपर्यंत अटकेंत बसावें लागे, आणि एकदां खुद्द पेशव्यांनाही अशी रात्र काढावी लागली. गोष्ट गमतीची आहे. पण घाशीराम कोतवालाच्या प्रकरणाशेजारीं ठेवली कीं ती गमत राहत नाहीं. १७७७ पासून घाशीरामाच्या हातीं शहर होतें व त्याच्या पाठीशीं नाना फडणीस होते. पेठांतल्या लोकांना तो कशाचाही जाब देणें लागत नव्हता. १७९१ सालीं त्याच्या कोठडींत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं वीसएक जण गुदमरून मेले, तेव्हां कोठें दाद लागली. आणि तीही अशी कीं संतप्त जमावानें त्याला दगडांनीं ठेचून मारलें. मोरोबा कान्होबांनीं १८६३ सालीं त्याच्यावर पुस्तक लिहिलें व १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें नाटक रंगभूमीवर आलें, त्यामुळें घाशीराम सर्वांना ठाऊक आहे. जागल्यावर मात्र नाटक झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ज्या सालीं घाशीराम मेला त्याच सालीं पुरंदराच्या परिसरांत उमाजी नाईक जन्मला. तेथील रामोशी कुटुंबें किल्ल्याची राखण करीत. ती राखण व तिच्याबरोबरचे हक्क पेशवाईच्या शेवटीं आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीं त्यांच्या हातून गेले. राखणदाराचें अन्न तुटलें, त्याची विद्या मात्र तुटली नाहीं. कोणत्या वाटेनें पहारा चुकतो हें पहारा करणाऱ्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? उमाजीच्या बंडानें सरकारला इतकें हैराण केलें कीं मध्यंतरीं त्याला क्षमा करून बंदोबस्ताच्याच कामावर घ्यावें लागलें. तें फार दिवस टिकलें नाहीं. १८३२ सालीं पुण्यास त्याला फांशीं दिलें. त्याला पकडण्याच्या मोहिमेंतील कॅप्टन मॅकिंटॉश यानें पुढच्याच वर्षीं रामोशांचा व उमाजीचा वृत्तांत छापला. त्या वृत्तांताचें असणें हीच उमाजीच्या मोठेपणाची एक कबुली आहे.

यापुढें जें झालें तें थोडक्यांत सांगतों. पगारी पोलीस आले, आणि १८६७ च्या ग्राम-पोलीस कायद्यानें पाटील त्यांच्या हाताखालीं बसला. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तरेंत निघाला व १९११ सालीं त्याची व्याप्ति देशभर झाली. ज्यानें दुसऱ्याच्या पावलांचा माग काढावा, त्याच्याच पावलांवर आतां हजेरीचें पुस्तक नजर ठेवूं लागलें. तो कायदा १९५२ सालीं गेला. रामोशांचें नांव विमुक्त जातींच्या यादींत आलें. ‘विमुक्त’ हा शब्द मोठा गोड आहे, पण तो उच्चारतांना पूर्वींचा शब्द आठवावाच लागतो.

महारांची कथा निराळ्या वाटेनें गेली. १८७४ च्या वतन कायद्यानें त्यांची चाकरी वंशपरंपरेची म्हणून पक्की झाली, आणि तुटपुंज्या इनामासाठीं रात्रंदिवस सरकारच्या व गांवच्या हांकेला ओ देणें त्यांच्या कपाळीं आलें. डॉक्टर आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें, तेव्हां तो केवळ मोबदल्याचा प्रश्न नव्हता. पहारा हें काम आहे कीं जन्म, असा तो प्रश्न होता. बिल त्या वेळीं पार पडलें नाहीं. कनिष्ठ वतनें रद्द होण्यास स्वराज्यानंतरचें पहिलें तप जावें लागलें.

मग वतनदारांच्या जागीं चावडीवर पगारी माणूस नेमण्यांत आला. दवंडी देणें, टपाल पोंचविणें, सारावसुलीच्या वेळीं लोकांना बोलावून आणणें हीं त्याचीं कामें. ज्या हुद्द्याच्या धाकानें एके काळीं पुणें दहाच्या तोफेला घरांत शिरत असे, त्याचेंच नांव या गरीब नोकराला मिळालें. गांवोगांव त्याला कोतवाल म्हणूं लागले.