रायपुरी मराठी : पदक्रम आणि हेल

छत्तीसगढमधील रायपूरच्या मराठी घरांत बोलली जाणारी, नागपुरीच्या जवळची शहरी बोली. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे आणि शेजारच्या समता कॉलोनीसारख्या वस्त्यांत वाढणारी मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात हिंदी-छत्तीसगढी बोलतात.

नागपूरच्या भोसले घराण्यातील बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपुराहून छत्तीसगढचा कारभार पाहिला आणि मराठी भाषा व मोडी लिपी या मुलखाच्या दरबारात आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरी आणि सोयरिकीची वाट नागपूरकडे जात असे. बोलीचा पाया त्यामुळे नागपुरी राहिला.

तिची सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘जाऊन रायलो’. प्रमाण मराठीत ‘तो जाऊन राहिला’ म्हणजे गेला आणि तिथेच मुक्काम केला. दोन क्रिया, दोन्हींवर आघात. नागपुरी-रायपुरीत हेच रूप चालू क्रिया दाखवते, हिंदीतल्या ‘जा रहा है’सारखे. आघात ‘जाऊन’वर पडतो, ‘राहिला’ हलका होतो, त्यातला ‘ह’ झडतो आणि उरते ‘रायला’. व्याकरणातला बदल इथे कानाने मोजता येतो.

नकाराचेही तसेच. ‘मी जात नाही’ हे साधे विधान; ‘मी नाही जात’ म्हणजे ठाम नकार, ‘नाही’वर जोर. हिंदीच्या सहवासात वाढलेल्यांच्या तोंडी दुसरा क्रमच साधा होतो आणि जोर उतरतो. ‘तू येशील का?’ऐवजी ‘काय तू येशील?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘काय’ आघाताविना पुढे सरकतो आणि स्वर शेवटच्या क्रियापदावर चढतो. ‘काय’नंतर थांबले, तर अर्थ निराळा होतो. कागदावर हे वाक्य चुकीचे वाटते; ऐकले की त्याचा नियम कळतो. अशा बोलीला ‘बिघडलेली मराठी’ म्हणणारे पदक्रम पाहतात, हेल ऐकत नाहीत.

जर्मनीतील कीत्सडॉइच या शहरी तरुण बोलीवर हाच आरोप झाला. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गसारख्या बहुभाषी वस्त्यांतल्या या बोलीवर हायके वीझे यांचे पुस्तक २०१२ मध्ये आले आणि मोठा वाद पेटला. प्रमाण जर्मन विधानात क्रियापद दुसऱ्या जागी लागते : ‘मॉर्गन गे इश इन्स कीनो’, उद्या मी सिनेमाला जातो. तरुण म्हणतात ‘मॉर्गन इश गे कीनो’ : आधी काळ, मग बोलणारा, मग क्रियापद. ‘मॉर्गन’नंतर विराम नसतो, सगळे एका दमात येते, म्हणून ही अडखळ नव्हे, रचना आहे. झीजही ओळखीची आहे : ‘लास उन्स माल’ (चला, आपण करू) याचे ‘लासमा’ होते. फरक एवढाच की तिथे अनेक मातृभाषांची मुले एका जर्मनभोवती जमली आणि रायपुरात एका मराठीभोवती दोन मोठ्या भाषा आहेत.

‘काय करून रायला बे?’ हे वाक्य मित्राला उद्देशून असते. त्यातला ‘बे’ समवयस्कांपुरता, स्वरही त्यावर पडता. आजीशी बोलताना नातू ‘बे’ टाळतो आणि ‘येऊन रायलो, आजी’ म्हणतो. ‘बे’ ही लकब आहे. ‘रायलो’ हे व्याकरण, आणि ते आजीच्या तोंडीही असते.